लडकूमामाच्या अंगठ्याचा धागा

आमचा लडकूमामा टीव्हीवर आन पिच्चरमदी मिळून नऊ वेळा मेला. कवा छातीत कळ येऊन, कवा गोळी लागून, आन एकदा तं तो नुसता फोटोच व्हता, भिंतीवर, हार घातलेला. शूटिंग संपल्यावर तो फोटो त्यांनी मामालाच देऊन टाकला. फ्रेम सागवानी व्हती. मामा हौसेनं खारबावला घेऊन आला, तं तुळजामामीनं उंबऱ्यावरच अडवला. जित्या माणसाला हार घालतात, आन वर घरी पाठवतात, लाज न्हाय त्या लोकांना, असं बोलून मामीनं फोटो काढून चुलीत घातला. फ्रेम मातर ठेवली. त्याच्यात एकवीरा आई बसवली. अजून हाय ती भिंतीवर.

दहाव्या वेळी मामा खरा गेला, दोन हजार नऊच्या होळीच्या आधी. म्हणून हे लिवायचं.

मामा अठरा वर्साचा असल्यापासनं भिवंडीला लूमवर. बापाची खारजमीन थोडी, भाऊ चार. खुर्शीदशेठच्या कारखान्यात बारा तासाची ड्युटी, सकाळी सातला चालू. चोवीस लूम एका छपराखाली. लूमच्या खटाखटीत माणसाचं बोलणं ऐकू येत न्हाय, कानात तोंड घालून बोंबललं तरी न्हाय. म्हणून तिथं कोण आवाज काढून बोलतच न्हाय. नुसते ओठ हलवायचे, ठळक ठळक, आन समोरच्यानं ते बघायचे. धागा तुटला, कांडी संपली, चहा आला, मुकादम आला, सगळं ओठावर. मामाच्या समोरच्या रांगेत दाऊद व्हता, भिवंडीचाच. दोघांनी छत्तीस वर्सं अशा गप्पा मारल्या. घरची भांडणं, पोरींची लग्नं, सगळं त्या खटाखटीत, एक अक्षर न काढता. शिफ्ट सुटली की दाऊद दारातनं वळून ओठ हलवायचा, "उद्या सातला." मामा मान हलवायचा. रोज. उद्या सातलाच यायचं हे काय नवीन व्हतं का, पण बोलायचा.

शुक्रवारी लूम बंद. तवा मामा नाटकाची तालीम करायचा. गावच्या जत्रेला मंडळाचं नाटक असतं, त्याच्यात मामा विसाव्या वर्सी म्हातारा झाला. म्हाताऱ्याचं काम करणारा आयत्या वेळी आजारी पडला, मामाच्या तोंडाला पीठ लावून उभा केला. लोकांना एवढा आवडला की मंग त्याला कोणी तरुण होऊच दिला न्हाय. मामी सांगायची, लगीन ठरलं तवा तिच्या मैतरणी चिडवायच्या, बाय, तुझा नवरा तं स्टेजवर आजोबा असतो. मामी घाबरून लग्नाआधी एकदा लपून बघून गेली व्हती, दात हायेत का ते.

टीव्हीचं काम लागलं दोन हजार एकला. एक मालिकावाले खारबाव स्टेशनात शूटिंगला आले. त्यांना म्हातारा हमाल पाहिजे व्हता. गावातल्या लोकांनी मामाला पुढं केला. एकच वाक्य व्हतं, "गाडी गेली ताई, आता संध्याकाळची." बाजूला जनरेटर धडधडत व्हता. आता मामाचं काय झालं, त्या जनरेटरच्या आवाजात त्याचं अंग लूमवर गेलं. तो ते वाक्य बोलला, चेहऱ्यावर सगळं बराबर, ओठ बराबर, आवाजच न्हाय. आवाजवाल्या पोरानं कानाचं यंत्र काढून झटकलं. पुन्यांदा घेतलं, पुन्यांदा तसंच. त्यानं वायर बदलली. माईक बदलला. सेल बदलले. तिसऱ्या वेळी डायरेक्टर जवळ येऊन उभा राह्यला आन बोलला, काका, तुम्ही बोलताय का? तवा मामाच्या ध्यानात आलं. मंग चौथ्या वेळी मामानं असा आवाज काढला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

पाचव्याला जमलं. पण मामाला ते लागलं. त्याला दोनच आवाज येत व्हते, एक बिनआवाजाचा आन एक बोंबलायचा. मधला न्हाय. दुसऱ्या दिशी त्यानं दाऊदला कामाला लावलं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कारखान्यामागं दाऊद दहा पावलावर उभा राह्यचा. मामा छातीवर हात ठेवून बोलायचा. जास्त झालं की दाऊद हात खाली करायचा, कमी झालं की वर. हाडात किती थरथरलं म्हंजे किती आवाज, हे मामानं हाताला शिकवलं. तीन महिने रोज. मुकादम हसायचा, दाऊदमियाँ, ये क्या, बँड बजाते हो? दाऊद आपला हात वरखाली करत राह्यचा.

आन कामं लागत गेली. हवालदार, देवळातला गुरव, हिरॉईनचा बाप, दोनदा हिरॉईनचा मेलेला बाप. फोन मामीच घ्यायची, तारीख ती कॅलेंडरवर लिवायची. मामा पहाटेच्या गाडीनं वसई गाठायचा, तिथनं गोरेगाव. लूमवर खाडा. खुर्शीदशेठ बोलायचे, लडकू, तू ॲक्टर हाय की कामगार हाय ते एकदा ठरव. मामा बोलायचा, शेठ, दोन्ही बारा तासाचंच हाय.

दोन हजार चारला कान गेले.

एका दिवसात न्हाय गेले. मामीलाच आधी कळलं, कारण पाठीमागनं हाक मारली की मामा वळायचा न्हाय आन समोर आली की सगळं बराबर बोलायचा. भिवंडीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, लूमच्या आवाजानं नस मेली, ती परत येत न्हाय. उजवा पुरता गेला, डाव्यात थोडं हाय, तेबी जाईल. कानाची मशीन घेतली. ती लावली की भांडी, कोंबड्या, पंखा, सगळं मिळून एक लूमच चालू व्हायचा डोक्यात. मामानं मशीन तांदळाच्या पिंपात टाकली आन मामीला सांगितलं, कोणाला बोलायचं न्हाय.

का न्हाय सांगायचं, तं बहिऱ्या नटाला काम कोण देणार. मामाला तं ओठ वाचता येत व्हते. त्यानं काय केलं, आपली वाक्यं पाठ करायचा तशी समोरच्यांची सगळी वाक्यं पाठ करायला लागला. मामी वाचायची, मामा तिच्या तोंडाकडं बघायचा. मामी चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. हिरॉईनचं रडायचं वाक्य मामी भाकरी थापत वाचायची.

वर्सभर कोणाला कळलं न्हाय. मंग एका मालिकेत सीन आला. मुलगी खिडकीकडं तोंड करून, बापाकडं पाठ करून बोलते, आन बाप उत्तर देतो. पाठीला काय ओठ असतात? मामा चार वेळा चुकला. पाचव्याला अंदाजानं बोलला तं तिचं वाक्य अर्धंच झालं व्हतं. सगळे हसले. तिथं उन्नती म्हणून असिस्टंट मुलगी व्हती. ती बोलली, काका, तुम्ही दमलाय, आज जावा, आमी फोन करतो. फोन आला न्हाय. तिचाबी आला न्हाय, दुसऱ्यांचाबी बंद झाला. त्या धंद्यात बातमीला पाय लागत न्हायत. मामी कॅलेंडरची पानं उलटवायची, सगळी कोरी.

त्याच वर्साला खुर्शीदशेठनं लूम भंगारात घातले आन जागा भाड्यानं दिली. दाऊद पोराच्या दुकानात बसला. मामाला राहनाळला गोडावूनवर वॉचमनची दिवसपाळी मिळाली. टीव्हीवर चार वेळा वॉचमन झालेला माणूस, आता खरा झाला. पण ऐकू न येणारा वॉचमन. ट्रकवाला फाटकाशी हॉर्न मारून मारून कटाळायचा. मामानं दोन दिवसात त्याच्यावर इलाज काढला. लूमवरनं त्यानं धाग्याचे चार कोन आणले व्हते, कोन म्हंजे धागा गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी. त्या धाग्याचा चौपदरी पीळ घालून फाटकाच्या कडीला बांधला आन दुसरं टोक आपल्या पायाच्या अंगठ्याला. कडी हलली की अंगठा ओढला जायचा, मामा उठून हजर. दाऊद भेटायला यायचा तं मुद्दाम दोनदा कडी हलवून मजा बघायचा. ओठानं इचारायचा, "मासा लागला का?" मामा बोलायचा, "बोंबील लागला. सुका."

दोन हजार सहाला मंडळानं ठाण्याच्या नाट्यस्पर्धेत उतरायचं ठरवलं. डायरेक्टर आमच्या गावचाच प्रितेश, कॉलेज शिकलेला. नाटक त्यानंच लिवलं, नाव "उघाडी". खारीच्या बांधाला खाडीचं पाणी अडवायची जी फळ्यांची दारं असतात ती उघाडी. ती सांभाळणारा एक म्हातारा. त्याची पोरगी बारा वर्सांमागं रागानं निघून गेलेली. शेवटाला म्हातारा एकटा खाडीकडं बघत बसतो, म्हंजे लोकांकडं तोंड करून. पोरगी मागनं येते, "बाबा" अशी हाक मारते, आन म्हातारा वळतो. वळतो आन पडदा. सगळं नाटक त्या वळण्यावर उभं.

म्हातारा मामाच करणार यात कोणाला शंका नव्हती. पहिले दोन शुक्रवार तालीम झकास झाली. तिसऱ्याला शेवटचा सीन घेतला. पोरीचं काम करणारी क्षितिजा मागनं आली, हाक मारली. मामा खाडीकडं बघत बसला. पुन्यांदा हाक मारली. प्रितेश स्वता मागं जाऊन बोंबलला. मामा बसलेलाच. मंग सगळे गप झाले, आन ते गप झालेलंबी मामाला कळलं न्हाय.

प्रितेश समोर येऊन बसला. त्यानं इचारलं, "मामा, सांगितलं का न्हाय?"

मामा बोलला, "सांगितलं असतं तं उभा केला असतास?"

पोरगा वाईट नव्हता. मंडळ दोन वर्सं पहिल्याच फेरीत बाहेर पडलं व्हतं, त्याला ते टोचत व्हतं. तो बोलला, हे काम रामनाथला देऊ, मामा, तुम्ही दुसरं कायबी घ्या. रामनाथ म्हंजे पंचायतीतला कारकून. माणूस चांगला, पण स्टेजवर हात कुठं ठेवायचे ते त्याला कवाच कळलं न्हाय.

मामानं एक शुक्रवार मागून घेतला. आन बोलला, "त्या दिशी जमलं न्हाय, का ठाण्याला चुकलो, तं पुन्यांदा तोंडाला रंग लावणार न्हाय. माझा शब्द."

मामी बोलली, असा शब्द कशाला द्यायचा? घरात खायला हाय, वॉचमनकी हाय, गप बसावं. मामा बोलला, गप तं मी छत्तीस वर्सं व्हतोच.

शुक्रवारी तो दाऊदला घेऊन आला. अंगठ्याला काळा धागा, पायाखालनं मागं, मंग आडवा विंगेपर्यंत, आन टोक दाऊदच्या बोटाला. विंग म्हंजे स्टेजच्या बाजूचा आडोसा. क्षितिजा "बाबा" बोलली की दाऊद ओढणार. अकरा वेळा करून बघितलं. अकराच्या अकरा वेळा मामा बराबर वळला. प्रितेश बोलला, दाऊदचाचा हाक ऐकून ओढतात, त्याला अर्धा सेकंद लागतो. आन ते अर्धा सेकंद उशिरा वळणंच लय भारी वाटतं, जसं म्हाताऱ्याला खरंच वाटेना की हाक आली.

ठाण्याला प्रयोग दुपारचा चारचा. अर्धा गाव टेम्पोतनं गेला. मामी पुढनं तिसऱ्या रांगेत, पदराचं टोक दातात धरून. पहिला अंक चांगला गेला, दुसराबी. मामाचा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत जात व्हता, ना कमी ना जास्त, छातीवरचा हात शिकवून गेला व्हता ते.

घोळ झाला तो एका दिव्याच्या स्टँडमुळं. मंडळातला भाविक नावाचा पोरगा जमीन घेणाऱ्या शेठचं काम करत व्हता. तालमीत तो उजवीकडनं जायचा. तिथं हॉलवाल्यांनी दिव्याचा मोठा स्टँड ठेवलेला. भाविकनं बघितलं, जागा न्हाय, आन तो डावीकडनं निघून गेला, शेठचे बूट वाजवत. डावीकडं धागा. बुटाच्या टाचेत तो अडकला आन तुटला. भाविकला पत्ताबी न्हाय.

दाऊदचं बोट सैल पडलं. मामाचा अंगठा सैल पडला. लूमवाल्याला धागा तुटल्याचं सांगावं लागत न्हाय.

आता स्टेजवर मामा एकटा. क्षितिजा यायला दोन मिनिटं. त्या दोन मिनिटात म्हाताऱ्यानं नुसतं खाडीकडं बघत बसायचं, असं नाटकात लिवलेलं. दाऊद विंगेत उभा, पण मामाचं तोंड लोकांकडं. मान वाकडी करून विंगेत बघितलं तं गेलं सगळं. दाऊद नंतर सांगायचा, माझ्या हातातलं टोक मी धरून ठेवलं, सोडलं न्हाय, मला दुसरं काय करायचं तेच कळेना.

मामा उठला. म्हातारा उठतो तसा, गुडघ्यावर हात देऊन. अंगठ्याचा धागा हातात घेतला, त्याचं तुटकं टोक बघितलं, आन बांधावर काय हरवलंय ते शोधावं तसा वाकून चालायला लागला. काळी फळी, काळा धागा. डोळ्यांनी दिसणार न्हाय म्हणून गुडघ्यावर बसला आन तळहात फिरवत राह्यला. लोक हसतायत का उठून चाललेत, त्याला काय कळायला मार्ग न्हाय. मामी सांगते, हॉलमदी शिंकबी ऐकू आली न्हाय. आन मामीला तं कळलं व्हतं काय झालंय ते. तिनं पदर चावून फाडला.

तळहाताला धागा लागला. मामानं दोन्ही टोकं चिमटीत धरली, अंगठा फिरवला, झाली गाठ. लूमवाल्याची गाठ, डोळे मिटायच्या आत बसते, छत्तीस वर्सांत लाखानं मारल्या असतील त्यानं. पण लोकांना दिसलं ते हे, की खाडीवरला म्हातारा तुटलेलं जाळं जोडतोय, जे कोणाच्याच कामाचं न्हाय. दाऊदनं टोक ताणलं. मामाला ते कळलं.

फक्त गाठीत आन बुटाला चिकटून गेला त्यात धागा आखूड झाला. मामाला आपल्या जागेवर बसता येईना. दोन हात मागंच बसावं लागलं, अंधारात. दिव्याचा उजेड पडला रिकाम्या जागेवर. वर दिव्यावाल्याजवळ प्रितेशनं डोकं धरलं. क्षितिजा आली, म्हाताऱ्याला शोधलं, हाक मारली. दाऊदनं ओढला. मामा वळला, आन वळताना तोंड दिव्यात आलं, अर्धंच.

पडदा पडल्यावर टाळ्या मामाला पायानं कळल्या, फळ्यांतनं.

मंग परीक्षक बाई आत आल्या. त्यांनी प्रितेशला इचारलं, ते धागा जोडायचं कुठनं सुचलं? प्रितेश हुशार, लगेच बोलायला लागला, म्याडम, ते आमी मुद्दाम… मामा त्यांच्या तोंडाकडं बघत व्हता. त्यानं प्रितेशच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवला. तोंडावर अजून रंग तसाच.

"बाई, मला ऐकू येत न्हाय. दोन वर्सं झाली. धाग्यानं मला हाक कळते. तो तुटला, मी जोडला. नाटकात तसं नव्हतं."

प्रितेशला वाटलं, मार्क गेले. मार्क न्हाय गेले. मंडळ पुढच्या फेरीत गेलं, तिथं पडलं ते जाऊ दे, पण मामाला अभिनयाचं तिसरं बक्षीस भेटलं.

त्याच गर्दीत उन्नती उभी व्हती, ती मालिकेची असिस्टंट. तिची मावशी दुसऱ्या नाटकात व्हती म्हणून आलेली. ती पुढं येऊन मामाच्या समोर, तोंड नीट दिसंल अशी उभी राह्यली. "काका, मला तेव्हा सांगितलं असतं तर?"

मामा बोलला, "आता सांगतो ना."

सहा महिन्यांनी ती एका पिच्चरवर लागली तवा फोन आला, खाडीवरची होडी चालवणाऱ्याच्या कामासाठी. मामीनं फोन कानाला लावून मामाला ओठानं सांगितलं. मामानं मामीकडूनच उत्तर दिलं, पहिल्याच वेळी, हो म्हणायच्या आधी. मला ऐकू येत न्हाय. माझ्याशी बोलणाऱ्यानं तोंड दाखवायचं. माझ्या पाठीमागनं बोलायचं असंल तं धागा लावावा लागंल, धागेवाला माझा मी आणीन. आन दाऊद सत्तावन्नाव्या वर्सी मामाच्या बरोबर शूटिंगला जायला लागला. तिथं त्याला सगळे धागाचाचा बोलायचे.

त्याच्यानंतर दोन वर्सं मामानं काम केलं, आधीपेक्षा जास्त. काही लोकांनी ऐकून न्हाय सांगितलं, तं न्हाय. मामा बोलायचा, लपवून भेटलेलं काम मला रोज भ्या दाखवायचं. कॅलेंडर पुन्यांदा मामीच्या अक्षरानं भरलं.

मंग होळीच्या आधी एका सकाळी चहाचा कप हातात, आन गेला. दाऊद आला, मामाच्या समोर उभा राह्यला. सगळे रडत व्हते, तो न्हाय. त्यानं नुसते ओठ हलवले. मामीला ते वाचता आलं. "उद्या सातला." मामी तवा पहिल्यांदा जोरात रडली.

महिन्याभरानं जत्रा. मंडळ बोललं, औंदा नाटक नको, मामाचं दुख हाय. मामी तेराव्याच्या दुसऱ्या दिशी मंडळात गेली. मामाचं धोतर, काठी आन धाग्याचा कोन प्रितेशच्या पुढं ठेवला. बोलली, तुमच्या मामाचा बापूस वारला तवा मामा तिसऱ्या दिशी लूमवर व्हता आन पाचव्या दिशी तालमीला. "उघाडी" लागंल. म्हातारा तू कर.

प्रितेशनं केला. प्रितेशला चांगलं ऐकू येतं. तरी शेवटच्या सीनला त्यानं अंगठ्याला धागा बांधला, आन विंगेत दाऊद बसला. क्षितिजानं हाक मारली. प्रितेश वळला न्हाय. दाऊदनं ओढला, तवा वळला, मामासारखा अर्धा सेकंद उशिरा.

नाटक सुटल्यावर मामी स्टेजवर चढली. प्रितेशच्या अंगठ्याचा धागा सोडला, विंगेपर्यंत गोळा करत गेली, दाऊदच्या बोटाचं टोक सोडवलं आन सगळा कोनावर नीट गुंडाळला. कोणीतरी बोललं, मामी, टाका ना तो, नवीन आणू.

मामी बोलली, "पुढल्या वर्साला लागंल." आन कोन पिशवीत घातला.